मनासाठी आलेय

पोळ्या लाटतानाही रडू यायचं, म्हणून धायरीच्या मृदुलाताई घरी न सांगता कोथरूडच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टर लहानपणाबद्दल विचारतील, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरबाईंनी मात्र झोप, भूक, वजन विचारलं, रक्तदाब मोजला, गळा चाचपला आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मृदुलाताई गोंधळल्या. “अहो, मी मनासाठी आलेय. हे तर आमचे नेहमीचे डॉक्टरही करतात.” “मीही डॉक्टरच आहे. थायरॉइड बिघडलं तरी असं रडू येतं. आधी ते बघू.” “रिपोर्ट चांगला आला तर? म्हणजे मी उगीच रडते?” घरी सगळे हेच म्हणत. “उगीच कुणी रडत नाही. मग दुसरं कारण शोधू.” बाहेर आल्यावरही आजार मनाचा की गळ्याचा, त्यांना उमजेना. नवऱ्याचा फोन आला. “कुठे आहेस?” “मानसोपचारतज्ज्ञांकडे. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचंय. तुम्ही सोबत या.”