समोरची काच

बोट धक्क्याला घासली, त्याच दिवशी थोरल्या लेकाने बाबांच्या हातातून सुकाणू काढून घेतलं. "बाबा, तुमची नजर गेली आता. आराम करा." बाबा वाद घालणाऱ्यातले नव्हते. "गेली असेल रे," म्हणत ते धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसले, ते आज तीन वर्षं तिथेच.

आज केबिनच्या समोरच्या काचेला तडा गेला म्हणून ती बदलायला घेतली. काच बोटीइतकीच जुनी, खारा वारा खाऊन आणि घासून घासून दुधासारखी पांढुरकी झालेली. काचवाल्याने ती काढून उन्हात धरली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, यातून डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही! बोट चालवता कशी?"

"मी बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढून चालवतो."

"आणि तुमच्या आधी जे चालवायचे, ते?"

नवी काच बसली तरी थोरला मान खाली घालून ती नुसता पुसत राहिला.



वीस हात लांबून, बाकावरूनच बाबांनी हाक मारली, "डाव्या कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा राहिलाय रे, तेवढा पूस."