दोन बाटल्या

डॉ. नंदांनी रक्ताचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि मग पाकीट फोडलं.

कोपरीतल्या त्या दवाखान्यात भिवाजी आणि परशुराम हे दोघे कोळी भाऊ बाकावर बसले होते. भिवाजीची बायको सगुणा दाराशी उभी होती. भावांचे वडील पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेले. थोरला भाऊही तसाच गेला. म्हणून शहाण्णव साली दोघांना कोलेस्टेरॉलची नवी गोळी सुरू झाली. कोलेस्टेरॉल उतरलं, पण पोटऱ्या अशा दुखू लागल्या, की भिवाजीला होडीत उभं राहवेना. परशुरामचीही तीच गत.

स्नायूंना बळ देणारी एक कॅप्सूल त्यावर चालते का, याची चाचणी होती. तीन महिने, गोळीबरोबर रोज एक. दोघांच्या बाटल्या वेगळ्या. एकीत खरं औषध, दुसरीत नुसती पिठी. कोणाची कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. उत्तर पाकिटात बंद होतं. पिठी दादाला द्या, त्याला फरक कळायचा नाही, अशी परशुरामनं तेव्हा चेष्टाही केली होती.

पाकिटात लिहिलं होतं, खरं औषध भिवाजीचं.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पुढे ओढले. मग त्यांनी सावकाश समजावलं. दुखणं दोघांचं थोडंसं कमी झालंय, रक्तातला स्नायूंच्या झिजेचा आकडाही दोघांचा थोडासाच उतरलाय. खरं घेणारा आणि पिठी घेणारा सारखेच, म्हणजे कॅप्सूलचा उपयोग नाही. स्नायू असेच झिजले तर मूत्रपिंडावर येईल. गोळी बंद करावी लागेल.

"आणि छातीचं काय?" भिवाजीनं विचारलं.

पथ्य पाळा, असं म्हणून डॉक्टरांनी पेन उचललं. इतकी गुणाची दुसरी गोळी त्यांच्याकडे नव्हती. परशुरामनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सगुणा टेबलाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"लिवू नको, बाय," ती म्हणाली. "दोनी बाटल्या मी पयल्याच दिवशी एका डब्यान ओतल्या. म्हावरा असो का औषध, आमचे घरान भावाभावांना वेगला वाटा नाय."