चांगुणाचा जिताडा

दोरीला असा हिसका बसला की चांगुणा खाडीच्या बांधावर गुडघ्यांवर आपटली. गळाला मोठा जिताडा लागला होता.

तिचा नवरा हसुराम शेजारीच बसला होता. रात्रीच्या भरतीला जिताडा धरण्यात एके काळी त्याच्या तोडीचं गावात कुणी नव्हतं. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला, शब्द तुटक येऊ लागले, आणि लाजेनं त्यानं बोलणंच टाकलं. आज त्याला बळेच खाडीवर आणून गळ तिनंच टाकला होता.

चांगुणानं जिवाच्या आकांतानं दोरी ओढायला घेतली.

“ढी... ढील दे, बये! तुटंल!” हसुराम ओरडला.

इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून तिच्या हातून दोरी सुटता सुटता राहिली.

“आता ओढ! हलू... हलू!”

तो सांगत गेला, ती करत गेली. अखेर चांगला कमरेइतका लांब जिताडा चिखलात फडफडला, आणि दोघं पोरांसारखी खिदळली.

घरी जाताना हसुराम अडखळत तिच्या चुका काढत होता. डोक्यावर मासा घेतलेली चांगुणा मात्र पुन्हा पुन्हा विचारत होती, “आणि आणखी काय चुकलं माझं?”