डब्याची ये-जा

कारखान्यात यंत्रं बसवायला स्वीडनहून आलेल्या ओल्सन साहेबानं चिंचवडला मंजुळाबाईंच्या दोन खोल्या वर्षाच्या बोलीवर भाड्यानं घेतल्या. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हा इथला रिवाज त्याला कामगारांनी पहिल्याच दिवशी शिकवला. झालं, खोलीतल्या फळीवर सापडलेला एक पितळी डबा त्यानं बिस्किटं भरून बाईंकडे दिला, नि तो दोन्ही घरांत हिंडू लागला. साहेबाकडून बिस्किटं गेली की बाईंकडून लाडू येत. वर्षभरात साहेबाच्या तीन विजारी कमरेत उसवल्या, बाईंचं महिन्याचं तूप पंधरवड्यात संपू लागलं. पण आधी रिकामा डबा द्यायचा कुणी?

निघायच्या दिवशी साहेबानं हात जोडले, नि कामगारांकडून उचललेल्या मराठीत म्हणाला, "बाई, पोटात जागा न्हाई. तुमचा डबा आज रिकामाच घ्या."



"माजा?" मंजुळाबाई म्हणाल्या. "अवं साहेब, मी तर वरीसभर तुमचा म्हनून परत करतीय."