रानाची हरकत नाही

“रान गप्प आहे, म्हणजे ते हो म्हणतंय, की मेलंय?”

‘हिंमत असेल तर विचार’ म्हणत मैत्रिणींनी हा प्रश्न केतकीच्या गळ्यात मारला होता. पण भर ग्रामसभेत तो असा खणखणीत निघाला, की सरपंचबाईंनी, म्हणजे तिच्या आईनेच, डोळे वटारले.

नव्या कायद्याने गावच्या देवराईला मताचा हक्क दिला होता. मुळांमध्ये तारा पुरून त्या पंचायतीतल्या एका डब्याला जोडल्या होत्या. रानाला काही खुपलं, की तो डबा घुमायचा आणि ठराव बारगळायचा. नाही घुमला, तर ग्रामसेवक लिहायचे, ‘रानाची हरकत नाही.’ असं करत करत गुरं आत शिरली, रस्ता आत शिरला. आज झऱ्याजवळचा उरलासुरला तुकडा तिच्या बाबांच्या हॉटेलच्या पार्किंगला द्यायचा होता.

“अगं बाय, डब्याचा दिवा लागलाय की!” ग्रामसेवक हसले.

“दिवा डब्याचा, काका. रानाचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?”

कोणालाच आठवेना. ग्रामसेवकांनी डबा उघडून पाहिला. पडद्यावर नुसती सरळ रेघ होती. ते घसा खाकरून म्हणाले, “मेलं असेल, तर जमीन बेवारस. बेवारस जमीन पंचायतीची. ठराव मंजूर!”

हात वर झाले. आईचाही झाला.

“चारचौघांत आईची शोभा केलीस,” घरी बाबा कडाडले. “काय मिळवलंस?”

“बेवारस नाही ते,” केतकी म्हणाली. “उद्या तालुक्याला जाऊन रानाची वारस म्हणून मी नाव लावतेय. आणि बाबा, पार्किंगला माझी हरकत आहे.”