ड्रम नसलेला अल्बम

विजयदुर्गला सुगंधाकाकीच्या ओटीवर गुरुदास बसला होता खरा, पण बूड टेकत नव्हतं. आत सीडी प्लेअरवर त्यांच्या बँडचा दुसरा अल्बम लागला होता. काकी सुपातले सोडे निवडत ऐकत होती. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

मुंबईच्या एका पेपरवाल्याने लिहिलं होतं, ‘पहिल्या अल्बमची रग कुठे गेली? ही पोरं आता नुसते उसासे टाकतात.’ ते मुंबईचं म्हणून सोडून देता आलं. पण काल कणकवलीच्या स्टँडवर रिक्षावाल्या बाळाने हाक मारून थांबवलं. “गुरू, तुमची पयली सीडी रिक्षात घासान गेली रे. ही एकदाच लावलंय, तर पॅशिंजर इचारता, कोण मेलो काय?” बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

कारण मेला होताच. बँडचा ड्रमर सुदेश, काकीचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षी हायवेवर गेला. गुरुदासने त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. अख्खा अल्बम ड्रमशिवाय केला. लोक काही म्हणोत, काकीला आवडला की झालं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

एक गाणं संपून दुसरं लागलं. गुरुदास उठला, माडापर्यंत जाऊन परत आला.

“काकी, आवाज वाढवू?”

“नको. आयकूक येता.”

शेवटचं गाणं संपलं. काकीने सूप बाजूला ठेवलं.

“ह्यात सुदेश खंय आसा?”

“सगळो त्याच्यासाठीच आसा गो. म्हणान तर ड्रम घेवक नाय. ती जागा त्याची.”

“गप जागा त्याची?” काकीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “अरे, माझो झील इतको गप कधी बसाक नाय. पाट, डबो, मिळात ता बडयत रवायचो. मी वराडलंय काय आणखी जोरात.” तिने घराच्या दाराकडे हात केला. “वरीस झाला, ह्या गप घर आयकतंय मी. तू पण ताच घेवन इलंस.”

गुरुदास चपला घालू लागला.

“तो जामसंड्याचो ओंकार वाजयता मा?” काकीने विचारलं.

“वाजयता. पण काकी…”

“त्याका घे. सुदेशचे ड्रम माळ्यार आसत, ते घेवन जा.” तिने पदराने डोळे पुसले. “आणि त्याका सांग, जोरात वाजव म्हणान. शेजारी भांडाक येवक व्हये.”