भरलेली लिफ्ट

"रिकामी लिफ्ट नीट चालते, सर. भरली की मजल्यावर थांबत नाही, चार बोटं खाली घसरते. ब्रेक बदलल्याशिवाय चालू करू नका," मी मीटिंगमध्ये सांगितलं.

प्रकल्पप्रमुख खुर्चीत मागे रेलले. "उद्घाटनाची तारीख आधी मॅडमना विचारायला हवी होती, नाही का?"

सगळे हसले.

"अगं, दर वेळी तुझं काय हे रडगाणं? काहीतरी उपाय सांग."

"सांगितला, सर. ब्रेक बदला."

"पुढचा विषय घ्या," ते म्हणाले.

माझं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही, असं समजून मी उद्घाटनापर्यंत नुसती चरफडत राहिले.

त्या दिवशी हॉस्पिटलचे मालक, चाकांच्या खुर्चीतली त्यांची आई, डॉक्टर, नर्स, सगळ्यांनी लिफ्ट गच्च भरली. दारात घुटमळणाऱ्या शेवटच्या पाहुण्यालाही सरांनी "या, या, जागा आहे" म्हणत आत सरकवलं आणि स्वतः जिन्याकडे वळले.

"तुम्ही नाही येत?" मालकांनी विचारलं.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय हो. तुम्ही व्हा पुढे, मी पोचतोच."

म्हणजे मीटिंगमध्ये त्यांनी माझा शब्दन् शब्द ऐकला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दार मिटत होतं, त्यात मी पाय घातला.

सर धावत परत आले. "पाय काढ," ते माझ्या कानाशी दातओठ खात म्हणाले.

"काढते, सर. आधी तुम्ही आत व्हा."